देवळाच्या शिखराचे ओझे

उज्जयिनीस गेलो असता आमचा मुक्काम माधव नगरात होता. क्षिप्रेचे घाट, जुनी पेठ आणि श्रीमहाकालाचे देऊळ एका अंगास, आणि रेल्वेच्या रुळांपलीकडे सरळ रस्त्यांची ही नवी वस्ती दुसऱ्या अंगास. लोक तिला फ्रीगंज म्हणतात. माधव नगर हे नाव मात्र ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांची आठवण सांगते. आम्ही उतरलो होतो त्या घरासमोर एका तीन मजली इमारतीचे काम चालले होते. सकाळी दर्शनास निघावे तर समोर काही बोलाचाली ऐकू आली, म्हणून थांबलो. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर फळी आणि फळीवर दहा-दहा विटा घेऊन जिना चढणाऱ्या दोन बाया मुकादमाशी वाद घालीत होत्या. मजुरी हजार विटांमागे ठरली होती, आणि तळमजल्यास जो दर तोच तिसऱ्या मजल्यासही लावला जात होता. त्यांपैकी वडील बाईचे म्हणणे एवढेच की खालची वीट आणि वरची वीट एक कशी? मुकादमाचे उत्तरही तयार होते : वीट मोजता येते, जिना कसा मोजावा?

जिना कसा मोजावा, हा प्रश्न मनात घेऊनच आम्ही महाकालाच्या रांगेत उभे राहिलो. रांग हळूहळू सरकत होती आणि दृष्टी राहून राहून शिखराकडे जात होती. प्रत्येक दगड खाली घडला, आणि मग कोणीतरी तो वर नेला. तो किती उंच नेला, असे किती दगड नेले, आणि या साऱ्याची एकत्र बेरीज कशी करावी? ही बेरीज करण्याचे शास्त्र आज महाविद्यालयातील विद्यार्थी शिकतात. त्यास समाकलन म्हणतात. गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात काशीच्या सुधाकर द्विवेदींनी त्यास चलराशिकलन असे नाव दिले होते. त्याचेच भावंड जे अवकलन, त्यावर आपल्या कोकणच्या पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांनी ‘शून्यलब्धिगणित’ या नावाने मराठीत लिहिले. म्हणजे हा विषय आपल्या भाषेस अगदीच परका नाही. तरीही देवळांच्या इतिहासास तो कोणी लावलेला आमच्या पाहण्यात नसल्यामुळे हे चार शब्द लिहिण्याचे धाडस करीत आहोत.

प्रथम महाकालाच्या देवळाचा थोडा इतिहास. दिल्लीचा सुलतान अल्तमश याने इ. स. १२३४-३५ च्या सुमारास उज्जयिनीवर स्वारी करून जुने देऊळ पाडले. पुढे पाचशे वर्षांनी माळवा मराठ्यांच्या हाती आला. राणोजी शिंद्यांनी उज्जयिनीस ठाणे केले, आणि अठराव्या शतकाच्या दुसऱ्या पादात त्यांचे दिवाण रामचंद्र मल्हार सुखटणकर, म्हणजेच रामचंद्रबाबा शेणवी, यांनी आजचे देऊळ उभारले. तळाशी श्रीमहाकाल, त्यावर ओंकारेश्वर आणि सर्वांत वर नागचंद्रेश्वर अशी तीन पातळ्यांची ही रचना आहे. नागचंद्रेश्वराचे दार वर्षातून एकदा नागपंचमीस उघडते. गोमंतकीय वाचकांस रामचंद्रबाबांचे नाव दुसऱ्या एका कारणानेही ठाऊक असेल. इ. स. १५६० मध्ये कुशस्थळीहून झुआरीपार प्रियोळास आणलेल्या श्रीमंगेशास पेशव्यांनी १७३९ मध्ये मंगेशी गाव इनाम दिला, तो याच रामचंद्रबाबांच्या सांगण्यावरून. ते श्रीमंगेशाचे परम भक्त होते. एकाच माणसाच्या भक्तीचे एक टोक क्षिप्रातीरी आणि दुसरे अंत्रुज महालात आहे, ही गोष्ट आम्हांस तरी फार मोलाची वाटते.

देवळांच्या इतिहासात दात्याचे नाव येते, सनदेचे कलम येते, प्रतिष्ठेची तिथी येते. पाथरवटाचे नाव क्वचित एखाद्या शिळेवर सापडते. ओझे वाहणाऱ्याचे नाव येत नाही. परंतु त्याच्या श्रमाचे माप नष्ट झालेले नसते. ते देवळाच्या आकारातच शिल्लक राहिलेले असते, आणि गणिताने ते पुन्हा काढता येते. आम्हांस येथे जे सांगावयाचे आहे ते इतकेच.

उज्जयिनीत गणिताची गोष्ट निघाली की भास्कराचार्यांचे नाव निघतेच. ते येथल्या वेधशाळेचे प्रमुख होते असे पुष्कळ पुस्तकांतून छापलेले आढळते. पण स्वतः आचार्यांनी आपला गाव सांगितला आहे तो सह्याद्रीच्या आश्रयाचा विज्जडविड. त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिला त्याचा इ. स. १२०७ चा शिलालेखही चाळीसगावाजवळच्या पाटण येथे आहे. उज्जयिनीशी त्यांचा खरा संबंध रेखांशाचा होय. आपल्या सिद्धांतग्रंथांनी पृथ्वीची मध्यरेखा लंकेपासून मेरूपर्यंत उज्जयिनीवरून जाते असे मानले, आणि भास्कराचार्यांनीही तीच मानली. असो. शके १०३६ मध्ये जन्मलेल्या या पुरुषाने छत्तिसाव्या वर्षी, म्हणजे इ. स. ११५० मध्ये, ‘सिद्धांतशिरोमणि’ पूर्ण केला. त्याचा पहिला भाग ‘लीलावती’, आणि लीलावतीत चितिव्यवहार नावाचे एक छोटे प्रकरण आहे. चिति म्हणजे विटांची किंवा दगडांची रास.

त्यातील उदाहरण असे. वीट अठरा अंगुळे लांब, बारा रुंद, तीन उंच. रास आठ हात लांब, पाच हात रुंद, तीन हात उंच. तर रास किती घनहात, विटा किती आणि थर किती? चोवीस अंगुळांचा हात धरून उत्तर येते : एकशे वीस घनहात, २,५६० विटा आणि २४ थर. थर हा शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावा. आचार्यांनी रास नुसती एकसंध मापली नाही. ती थराथराने पाहिली.

आता माधव नगरातल्या त्या बाईचा प्रश्न या राशीस विचारू. पहिल्या थराची वीट जमिनीवरच ठेवायची, तेव्हा तिची उचल शून्य. दुसऱ्या थराची तीन अंगुळे, तिसऱ्याची सहा, आणि शेवटच्या चोविसाव्या थराची तेवीस वेळा तीन, म्हणजे एकोणसत्तर अंगुळे. एकापासून तेविसापर्यंतच्या अंकांची बेरीज २७६. चोवीस थरांवर ही वाटली की साडेअकरा येतात, आणि त्यांस तिनाने गुणिले की प्रत्येक विटेमागे सरासरी उचल साडेचौतीस अंगुळे. राशीची उंची बहात्तर अंगुळे, तिचे अर्ध छत्तीस. म्हणजे आपले उत्तर अर्ध्या उंचीपेक्षा दीड अंगुळ कमी आहे, आणि दीड अंगुळ म्हणजे विटेच्या जाडीचे अर्ध. वीट आणखी पातळ घ्या, हा फरक आणखी कमी होईल. विटेची जाडी मनाने शून्याच्या अगदी जवळ नेली, की सरासरी उचल बरोबर अर्धी उंची ठरते. थर वाढवीत आणि पातळ करीत जावे, आणि बेरीज कोणत्या संख्येकडे सरकते ते पाहावे; समाकलनाचे सारे मर्म एवढेच आहे. एकापासून सुरू होणाऱ्या क्रमागत अंकांची बेरीज करण्याचा नियम याच लीलावतीत, श्रेढीव्यवहारात, दिलेला आहे. पुढे सोळाव्या शतकात केरळच्या ज्येष्ठदेवाने ‘युक्तिभाषा’ या मल्याळम ग्रंथात, अंक फार मोठा घेतला असता अशी बेरीज त्याच्या वर्गाच्या निम्म्याइतकी होते, हे उघड सांगितले.

विहिरीवर रहाट ओढणाऱ्यास हीच गोष्ट हातानेच कळते. वीस मीटर खोल विहिरीत दहा किलोचा भरलेला पोहरा सोडला आहे, आणि दोराचे वजन दर मीटरास अर्धा किलो आहे असे समजा. आरंभी पोहऱ्याबरोबर दहा किलोचा दोरही लोंबत असतो, म्हणून हातास वीस किलो जाणवतात. पोहरा काठास येतो तेव्हा दोराचे ओझे उरलेले नसते. पोहऱ्याचे काम दहा गुणिले वीस, म्हणजे दोनशे. दोराचे काम मात्र दोनशे नव्हे. त्याचा वरचा हात जवळजवळ चढतच नाही, खालचा हात पुरा वीस मीटर चढतो. सरासरी दहा मीटर, म्हणून काम शंभर. एकूण तीनशे किलो-मीटर. ओझे बदलते असले की साधा गुणाकार फसतो, आणि थराथराची बेरीज करावी लागते.

तर मग भास्कराचार्यांनी हा प्रश्न का विचारला नाही? थर त्यांनी मोजले, श्रेढीची बेरीज त्यांस अवगत होती. इतकेच काय, गोलाचे पृष्ठफळ काढताना त्यांनी आवळ्यावरील रेषांप्रमाणे गोलाच्या फाका कल्पिल्या आणि एका फाकेच्या बारीक बारीक तुकड्यांची बेरीज केली. गोलाचे घनफळ काढताना केंद्राशी टोक असलेल्या असंख्य सूची कल्पिल्या. समाकलनाच्या उंबरठ्यावर तो पुरुष उभा होता. पण उचललेले वजन आणि उचललेली उंची यांचा गुणाकार ही एक स्वतंत्र राशी आहे, असे त्या काळी कोणासच वाटले नव्हते. मजुरीविषयी लीलावतीत एक वाक्य आहे, आणि ते आम्हांस फार बोलके वाटते. विटांची रास, दगडांची रास, खणलेला खड्डा आणि करवतकाम यांचे मोल कामकऱ्यांच्या संमतीने, पदार्थाच्या मऊ-कठीणपणाप्रमाणे ठरवावे, असे आचार्य सांगतात. मऊ आणि कठीण हा भेद त्यांनी केला. खाली आणि वर हा भेद तेथे नाही. तो त्यांनी त्या ‘संमती’वर सोडला असे म्हणावे, तर आठशे वर्षांनंतर माधव नगरात त्याच संमतीवरून भांडण चालले होते!

ही राशी हाताशी नसल्याचा परिणाम आचार्यांच्याच दुसऱ्या एका ठिकाणी दिसतो. गोलाध्यायातील यंत्राध्यायात त्यांनी स्वयंवह यंत्र वर्णिले आहे. चाकास पोकळ आरे बसवावे, त्यांत अर्धा भाग पारा भरून तोंडे बंद करावी, आणि ते चाक आसावर आपोआप फिरत राहील, अशी कल्पना. ब्रह्मगुप्त आणि लल्ल यांनीही असल्या चाकांचा विचार केला होता. वरकरणी युक्ती मोठी सुरेख आहे. पण एका फेऱ्यात पारा जितका खाली येतो तितकाच पुन्हा वर न्यावा लागतो. उतरताना जे काम मिळाले ते चढताना पुरे खर्ची पडते, घर्षणास द्यावयास काही उरत नाही, आणि चाक थांबते. गोलाच्या फाका इतक्या सूक्ष्मपणे मोजणाऱ्या दृष्टीस एवढी जमाखर्चाची नोंद दिसली नाही याचे आश्चर्य वाटते. परंतु त्याच भ्रमात युरोपातील कारागीरही त्यापुढे कित्येक शतके होते, हेही येथेच सांगितले पाहिजे.

ही नोंद मांडली गेली ती कारखान्यांच्या युगात. जेम्स वॅटला आपली वाफेची यंत्रे विकताना, एक यंत्र किती घोड्यांचे काम करील हे गिऱ्हाइकास सांगावे लागे; त्याने घोड्याचे माप एका मिनिटास तेहेतीस हजार फूट-पौंड असे धरले. फ्रान्समध्ये कूलाँ याने अठराव्या शतकाच्या अखेरीस जिने चढणाऱ्या हमालांचे निरीक्षण केले, आणि १८२९ मध्ये कोरिओलिसने यंत्रांवरील आपल्या ग्रंथात वजन आणि उंची यांच्या या गुणाकारास ‘काम’ याच अर्थाचा फ्रेंच शब्द कायम केला. गणिताच्या या राशीचे नाव मजुराच्या व्यवहारातून आले आहे, हे पाठ्यपुस्तके सहसा सांगत नाहीत. आज एक किलो वजन एक मीटर उचलण्याचे काम सुमारे ९.८ ज्यूल धरतात.

आता शिखराकडे वळू. एकच मोठा दगड वर नेला असेल तर वजन गुणिले उंची, एवढ्यावर भागते. तंजावरच्या बृहदीश्वराच्या माथ्यावरील शिळा ऐंशी टनांची आणि ती काही मैल लांबीच्या उतारावरून चढविली, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, तिचे काम काढण्यास लहान मुलाचा गुणाकार पुरतो. शिखर तसे नाही. तळाशी रुंद, वर निमुळते. प्रत्येक थर खालच्यापेक्षा हलका, आणि प्रत्येक थर खालच्यापेक्षा उंच. एक राशी घटते आणि दुसरी वाढते.

हिशेबापुरते एक शिखर कल्पू. हे महाकालाचे माप नव्हे; आकडे सोपे घेतले आहेत. तळ दहा मीटर चौरस, उंची चोवीस मीटर, आणि ते दहा मीटर उंचीच्या भिंतींवर उभे आहे. आतील पोकळी सोडून देऊ, आणि निमुळतेपणा सरळ धरू. अशा सूचीचे घनफळ तेवढ्याच तळाच्या आणि उंचीच्या सरळ ठोकळ्याच्या एक-तृतीयांश असते; हा नियम ब्रह्मगुप्तापासून आपल्याकडे चालत आला आहे. म्हणून ८०० घनमीटर. दगडी बांधकाम दर घनमीटरास अडीच हजार किलो धरले, तर वीस लक्ष किलो.

शिखराचे सहा-सहा मीटरांचे चार थर करा. प्रत्येक थर त्याच्या खालच्या तोंडाइतका रुंद धरला तर बाजू दहा, साडेसात, पाच आणि अडीच मीटर. हे शिखर खऱ्यापेक्षा जाड झाले : घनफळ ११२५, आणि शिखराच्या पायथ्यापासून सरासरी उचल सात मीटर. उलट प्रत्येक थर वरच्या तोंडाइतकाच धरला, तर घनफळ ५२५ आणि सरासरी उचल साडेपाच मीटरांहून किंचित अधिक. खरे उत्तर या दोहोंच्या मध्ये आहे. चारांचे चाळीस थर करा, चारशे करा. दोन्ही अंगांनी उत्तर सहा मीटरांवर येऊन थांबते. सहा म्हणजे चोविसाचा चतुर्थांश. सरळ भिंतीच्या दगडास सरासरीने अर्धी उंची चढावी लागते; सूचीच्या दगडास पावच.

म्हणून आपल्या शिखराच्या दगडाची सरासरी उचल दहा अधिक सहा, सोळा मीटर. वीस लक्ष किलो सोळा मीटर, म्हणजे तीन कोटी वीस लक्ष किलो-मीटर. ज्यूलात सुमारे एकतीस कोटी. कोणी घाईने सगळे वजन टोकापर्यंत, म्हणजे चौतीस मीटर, नेले असे धरील तर उत्तर दुपटीहून अधिक चुकेल. कोणी ‘अर्धी उंची’ हा भिंतीचा नियम शिखरास लावील तर हिशेब चार कोटी चाळीस लक्षांवर जाईल. शिखर मोठे दिसते खरे, पण त्याचा बहुतेक दगड खालीच असतो. तळापासूनच्या बारा मीटरांत, म्हणजे निम्म्या उंचीत, आठांपैकी सात भाग वजन संपलेले असते.

परंतु एवढ्याने ओझेकऱ्याचा हिशेब पुरा होत नाही. दगड एकटा चढत नाही, माणूसही चढतो. वीस किलोचा दगड घेऊन साठ किलोचा माणूस परांचीवर गेला, तर ऐंशी किलो वर गेले आणि देवळास वीसच मिळाले. आपल्या शिखरास अशा एक लक्ष खेपा लागतील. दगडाचे काम तीन कोटी वीस लक्ष, आणि नुसत्या देहांचे नऊ कोटी साठ लक्ष. एका माणसाने दिवसास चाळीस खेपा केल्या, तर तो रोज ६४० मीटर चढला. सिंहगड पायथ्यापासून चढावा त्याहूनही अधिक. या हिशेबाने अडीच हजार दिवसांची मजुरी होते, पन्नास माणसांचे पन्नास दिवस. यात खाणीतले काम नाही, गाडीवाटेचे नाही, घडाईचे नाही, चुन्याच्या घाणीचे नाही. केवळ वर नेणे आहे. कप्पी आणि दोर असतील तर देहाची चढण वाचते, पण दगडाच्या तीन कोटी वीस लक्षांतून एक किलो-मीटरही कमी होत नाही. कप्पी जोर वाटून देते, काम माफ करीत नाही. आपल्याकडच्या मोटेत बैल उतारावर खाली जाताना पाणी वर येते, ती युक्ती यासाठीच चांगली, की त्यात जनावराचे स्वतःचे वजनही कामास लागते.

महाकालाहून परतताना आम्ही वेधशाळेत गेलो. सवाई जयसिंगाने अठराव्या शतकात बांधलेली ही वास्तू पडझडीस आली होती. १९२३ मध्ये माधवराव शिंद्यांनी तिचा जीर्णोद्धार केला आणि गोविंद सदाशिव आपटे या महाराष्ट्रीय ज्योतिषाने तिचा कारभार पाहिला. तेथील सम्राट यंत्राची मधली भिंत काटकोन त्रिकोणाची आहे. तिची तिरपी कड ध्रुवाकडे रोखलेली, म्हणजे उज्जयिनीच्या अक्षांशाइतकी, सुमारे तेवीस अंशांनी कललेली आहे. असल्या त्रिकोणी भिंतीच्या दगडास सरासरीने एक-तृतीयांश उंची चढावी लागते. सरळ भिंतीस अर्ध, त्रिकोणी भिंतीस तिसरा हिस्सा, सूचीस पाव. गावात एका दिवसात हे तिन्ही पाहावयास मिळाले.

आणि गोव्यातले आपले घुमट? तेथे गंमत आहे. आमचाही तर्क असा होता की माथ्याकडे निमुळता होणारा घुमट शिखराप्रमाणेच ओझेकऱ्यास सोपा असेल. पण अर्धगोल घुमट भरीव नसतो. सारख्या जाडीचे ते कवच असते. गोलाचे पृष्ठफळ म्हणजे परिघ गुणिले व्यास, हे भास्कराचार्यांनी सांगितले आणि त्यांच्या पूर्वी आर्किमिडीजनेही सिद्ध केले होते. त्यातच हे गुपित आहे, की घुमटाचे सारख्या उंचीचे पट्टे घेतले तर त्यांचे क्षेत्रफळ सारखेच भरते. वरचा पट्टा घेराने लहान, पण तो आडवा झुकल्यामुळे रुंदीने मोठा. एक जितके घटते तितकेच दुसरे वाढते. तेव्हा अर्धगोल घुमटाच्या चिऱ्यास सरासरीने पुरी अर्धी उंची चढावी लागते. ओझे वाहणाऱ्याच्या हिशेबी तो घुमट म्हणजे सरळ भिंतच होय. मंगेशीच्या सर्वांत उंच घुमटावर १९७३ मध्ये सोन्याचा कळस बसविला, त्याचा हिशेब अर्थातच साध्या गुणाकाराचा.

संध्याकाळी माधव नगरात परतलो तेव्हा समोरचे काम सुटत होते. मुकादम ओट्यावर बसला होता. आम्ही त्यास म्हटले की जिना मोजता येतो. मजला तीन मीटरांचा धरा. तळमजल्याच्या भिंतीची वीट सरासरी दीड मीटर चढते, दुसऱ्याची साडेचार, तिसऱ्याची साडेसात. म्हणजे एकास तीन आणि तिनास पाच. सरकारी दरपत्रकात मातीकामास ठराविक उचलीचा एक दर असतो आणि त्यावरच्या प्रत्येक उचलीस जादा आकार पडतो, हे त्यास आमच्यापेक्षा चांगले माहीत होते. तो हसला, आणि पाचपट कोणी देत नाही म्हणाला. पण खालच्या आणि वरच्या विटेत फरक आहे हे त्याने नाकारले नाही.

वडील बाई हातपाय धूत होती. तिने सारे ऐकून घेतले. आपला देह आणि वीट दोन्ही मिळून मोजतात हे तिला पटले. मग तिने विचारले, “बाबूजी, और उतरने का?” आमच्या शास्त्राप्रमाणे उतरताना पृथ्वीच काम करते, आणि चढताना घातलेले काम देहाच्या बाजूने वजा पडते. भास्कराचार्यांच्या चाकाचा जमाखर्च आम्ही दुपारी इतक्या सहज मांडला होता, तोच हा. तिच्या गुडघ्यांकडे पाहून तो सांगण्याचा आम्हांस धीर झाला नाही.